अख्खा अंक ग्रुपवर टाकला, आता कॉमिकवाल्याला काय तोंड दाखवू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: भांडुपला राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. दादरच्या एका छोट्या प्रदर्शनात त्यांना एका टेबलावर मराठी कॉमिक दिसलं. लालबागच्या चाळीतल्या एका आजीला गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी पहाटे भोंगा ऐकू येतो, अशी गोष्ट. मुखपृष्ठ धरून २८ पानं, रंगीत, किंमत २५० रुपये. कॉमिक काढणारा मुलगा स्वतःच टेबलामागे बसला होता. ताईंनी गाडीत भांडुप येईपर्यंत ते दोनदा वाचलं आणि त्याच रात्री सगळ्या पानांचे फोटो शाळेच्या मैत्रिणींच्या ५६ जणींच्या ग्रुपवर टाकले. सगळ्या खूश. मग एकीने लिहिलं, "पुढचा भाग पण टाक ना", आणि ताईंना खटकलं. याला तीन आठवडे झाले. भाऊ म्हणतो, अडीचशेत २८ पानं ही लूट आहे, चारशे-पाचशेत मांगाची, म्हणजे जपानी कॉमिकची, दोनशे पानं येतात. शेवटच्या पानावर 'क्रमशः' आहे, आत छपाईचं साल २०२३ आहे, दुसऱ्या भागाचा पत्ता नाही. काही शब्दांतल्या वेलांट्या आणि रफार तुटलेत. बारा वर्षांचा मुलगा वाचायला मागतोय, पण आत दोन शिव्या आहेत आणि संपातल्या मारामारीचं एक रक्ताळलेलं पान आहे. ताई विचारतात: माझं चुकलं का? दहा प्रती घेऊन वाटल्या तर भरपाई होईल का? त्या मुलाला काय लिहू? आणि अशी कॉमिक्स आणखी कुठे मिळतील?

उत्तर:

ताई, आधी फोटोंचं बोलू, कारण सलतंय ते तेच. आवडलेली गोष्ट चार जणींना दाखवावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. फक्त दाखवता दाखवता तुम्ही अख्खा अंकच देऊन टाकलात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क कुठेही नोंदणी न करता, चित्र काढलं की तयार होतो. परीक्षण किंवा टीका करताना थोडा भाग दाखवायची मुभा कलम ५२ मध्ये आहे, पण सगळी पानं त्यात बसत नाहीत. म्हणजे हो, चुकलं. पण ते निस्तरता येण्यासारखं आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "निदान ५६ जणींपर्यंत त्याचं नाव तरी पोचलं." हे एकदा तपासून बघा. ग्रुपवर वर जा आणि मोजा. हे कुठे मिळतं, असं किती जणींनी विचारलं? चित्रकाराचं नाव किती जणींनी उच्चारलं? पुढचा भाग फुकट मागणारी एक तर तुम्हीच सांगितलीत. सगळी पानं हातात आली की वाचणाऱ्याला शोधायला काही उरत नाही, म्हणून नावही लक्षात राहत नाही. त्यातून व्हॉट्सअॅप सहसा फोटोचा दर्जा कमी करून पाठवतं, त्यामुळे पहाटेच्या निळ्या रंगावर इतकी मेहनत घेतलेलं पान समोरच्याला मळकं दिसतं. मुखपृष्ठ, आतली एक-दोन चित्रं, नाव आणि मिळण्याचं ठिकाण एवढंच टाकलं असतं, तर त्यातून दोघी-तिघींनी तरी अंक मागवला असता.

सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती तुमची टळलेली आहे. फोटो मैत्रिणींच्या गॅलरीत उतरलेही असतील. म्हणून मागचं पुसत बसू नका, नवा मेसेज टाका. असा चालेल:

"मागे मी गिरणीच्या भोंग्याचं कॉमिक पूर्ण टाकलं होतं, ते मी टाकायला नको होतं. एका मुलाने ते एकट्याने काढून, स्वतःच्या पैशांनी छापलंय. फोटो कृपया पुढे पाठवू नका, शक्य असेल तर काढून टाका. ज्यांना आवडलं त्यांनी प्रत घ्या. २५० रुपये. मी सगळ्यांच्या एकत्र मागवते, शुक्रवारपर्यंत नावं सांगा."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. नुसती लिंक दिली की लोक अंगठा दाखवून पुढे जातात. "मी मागवते, नाव सांगा" म्हटलं की भिशीसारखी यादी सुरू होते. ५६ मधून पाच नावं आली तरी मी त्याला चांगला प्रतिसाद म्हणेन.

आता भावाच्या हिशेबाकडे येऊ. तो पानं मोजतोय, आणि पानांच्या मोजमापात हे कॉमिक हरणारच. मांगाचा खंड काळ्या शाईत, साध्या कागदावर, हजारोंच्या संख्येने छापला जातो. आपल्या लहानपणीच्या किमतीही अशाच डोक्यात बसल्यात. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समागे टाइम्ससारखा समूह होता. १९६७ पासूनच्या अमर चित्र कथेमागे इंडिया बुक हाउस होतं. मोठ्या आवृत्त्या आणि गावोगावी विक्रेते हाताशी असले की किंमत खाली येते. एकट्या माणसाजवळ यातलं काही नसतं.

तुमच्या हातातल्या अंकाचंच गणित मांडा. ए५ आकाराची २८ रंगीत पानं, आत १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं, मधोमध दोन पिना. मुंबईत दोन-तीनशे प्रतींच्या डिजिटल छपाईला अशी एक प्रत साधारण शंभर-सव्वाशेला पडते. कागद आणि प्रेसप्रमाणे थोडं वरखाली होईल. ऑफसेटला, म्हणजे प्लेटा बनवून केलेल्या छपाईला, प्रत स्वस्त पडते, पण चार रंगांच्या प्लेटांचा खर्च आधीच बसतो, त्यामुळे पाचशे-हजार प्रतींच्या खाली तो परवडत नाही. आणि हजार प्रती वन-रूम-किचनमध्ये ठेवायच्या कुठे? ११० रुपये छपाई धरू. दुकानात ठेवला तर चाळीस टक्क्यांपर्यंत कमिशन जातं, म्हणजे शंभर रुपये, आणि त्याच्या हातात राहतात चाळीस. तेही प्रत खपल्यावर, दोन-तीन महिन्यांनी. स्वतःच्या टेबलावर विकला तर १४० राहतात, त्यातून टेबलाचं भाडं जातं.

आता वेळ धरा. कथा, कच्चा आराखडा, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं, हे सगळं एकट्याने करणाऱ्याला एका रंगीत पानाला बारा-पंधरा तास सहज लागतात. चौदा धरले तर आतल्या २४ पानांचे ३३६ तास होतात. तीनशेच्या तीनशे प्रती टेबलावरच विकल्या गेल्या तरी हातात ४२,००० रुपये येतात, म्हणजे तासाला सव्वाशे. यातून टेबलाचं भाडं आणि खराब निघालेल्या प्रती अजून वजा व्हायच्यात. भावाला हे गणित दाखवा. मांगा आवडत असेल तर तो खुशाल घेऊ दे, त्यात वाईट काहीच नाही. फक्त लूट हा शब्द त्याने मागे घ्यावा.

याच ३३६ तासांत 'क्रमशः'चंही उत्तर आहे. बहुतेक जण नोकरी सांभाळून हे काम करतात. आठवड्याला दहा तास मिळाले, तर एका अंकाला ३४ आठवडे, म्हणजे आठ महिने. एखादं आजारपण, घरातलं लग्न, ऑफिसातला मार्च आला की वर्ष उलटतं. शिवाय पहिल्या अंकाचे पैसे सुटल्याशिवाय दुसऱ्याच्या छपाईला हात घालता येत नाही. उशीर झाला म्हणजे माणसाने काम सोडलं, असं समजू नका.

गोष्ट मध्येच तुटल्यासारखी वाटली, असंही तुम्ही लिहिलंय. अंक मधोमध उघडून दोन्ही पिना बघा. पिनेचा अंक दुमडलेल्या कागदांचा असतो, आणि एका कागदाची चार पानं होतात. त्यामुळे पानं चारच्या पटीतच वाढतात. गोष्टीला आणखी एकच पान हवं असेल तरी चार छापावी लागतात, आणि ती चारही काढावी लागतात, म्हणजे आणखी पन्नासेक तास. पुष्कळदा 'क्रमशः' नेमकं तिथे येण्याचं कारण हेच असतं.

मग त्याला काय लिहायचं? "पुढचा भाग कधी?" एवढंच लिहू नका. हा प्रश्न त्याला टेबलावर दिवसभर ऐकावा लागतो आणि तो तगाद्यासारखा लागतो. काय आवडलं ते नेमकं लिहा. पान, चौकट, त्यातली वस्तू. तुमच्या पत्रात तुम्ही जे लिहिलंय की आजी भोंगा ऐकून उठते आणि सवयीने दोन डबे भरते, एक स्वतःचा, एक कधीच गेलेल्या नवऱ्याचा, आणि त्या चौकटीत एकही शब्द नाही, तेच त्याला लिहा. शब्द न घालायचा निर्णय घेताना तो अडखळला असेल. तो निर्णय वाचकापर्यंत पोचला, हे कळणं त्याला पुढच्या पानासाठी उपयोगी पडतं. मग दोन ओळींत कबुली: "मी भाबडेपणाने सगळी पानं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली होती. आता तिथे सांगितलंय, आणि सहा प्रतींची मागणी सोबत देतेय." लांबलचक माफी नको. नाहीतर तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर येऊन पडतं. पुढच्या अंकाची आगाऊ नोंदणी सुरू केलीत तर कळवा, असं शेवटी लिहिलंत की पुढच्या भागाबद्दलची उत्सुकताही पोचते आणि तगादाही होत नाही.

पत्ता बहुधा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला असतो: ईमेल, इन्स्टाग्रामचं नाव, कधी यूपीआयचा क्यूआर कोड. कोडवर पैसे भरताना समोर येणारं नाव अंकावरच्या नावाशी जुळतंय का ते बघा, आणि जुळत नसेल तर आधी विचारा. टपालखर्च वेगळा द्या. अशा अंकाचं वजन ७० ग्रॅमच्या आसपास असतं, पण तो दुमडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावावा लागतो आणि खर्च तिथे होतो. आगाऊ नोंदणीत पैसे गुंतवताना एका अंकाच्या किमतीपुढे जाऊ नका. तारखा पुढे जातात, हे गृहीत धरूनच भरा. आणि पीडीएफ मागू नका. तो विकायला ठेवत असेल तर जरूर विकत घ्या.

तुटलेल्या अक्षरांबद्दल मात्र मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण मराठी कॉमिकचं खरं दुखणं तिथे आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत 'गिरणी'ची पहिली वेलांटी 'ग' सोडून 'र'वर गेलीय आणि 'मार्ग'मधला रफार सुटून तिथे पाय मोडलेला 'र्' आलाय. हे शुद्धलेखनाचं अज्ञान नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची मांडणी वेगळी चालू करावी लागते. ती बंद राहिली की संगणक अक्षरं टंकलेल्या क्रमाने नुसती ओळीत लावतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, रफार चढत नाही, जोडाक्षर फुटतं. दुसरं कारण म्हणजे जुना, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेला फाँट. एका संगणकावर नीट दिसलेला मजकूर प्रेसच्या संगणकावर बदलतो. उपाय साधा आहे. युनिकोड फाँट वापरायचा. मुंबईच्याच 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' मोफत मिळतात. मांडणीची सोय चालू करायची आणि छपाईला देण्याआधी अक्षरांचं रूपांतर बाह्यरेषांत करायचं. म्हणजे प्रेसवर काहीही असलं तरी आकार हलत नाही.

संवादांचे फुगे गच्च भरलेत, ही तुमची तक्रारही खरी आहे. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी अक्षरं, एका उंचीची. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांट्या, खाली उकार. वरच्या ओळीचा 'कू' खालच्या ओळीच्या 'कै'वर आदळतो. ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, म्हणजे तेवढ्याच फुग्यात शब्द कमी बसतात. इंग्रजी अंक बघून फुगे आखले की इथे अडचण होते.

तेव्हा चुका जरूर कळवा. खाजगीत, कौतुकाच्या पत्रानंतर वेगळ्या मेसेजमध्ये, आणि कोष्टकासारख्या: पान ७, चौकट ३, 'गिरणी', वेलांटी पुढे गेलीय. "मराठी जरा सुधारा" असं मोघम लिहिलंत तर दुखावण्यापलीकडे काही होत नाही. डिजिटल छपाई दोन-तीनशेच्या खेपेत होते, त्यामुळे तुमची दुरुस्ती पुढच्याच खेपेत छापून येऊ शकते. मोठ्या प्रकाशनाच्या पुस्तकात वाचकाच्या पत्राने इतक्या लवकर अक्षर बदलत नाही. "मुद्रितं तपासून हवी असतील तर मी बघेन" असंही तुम्ही म्हणू शकता. तुमची नजर बारीक आहे. एकट्याने काम करणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, आणि मुद्रितशोधकाला द्यायला पैसे नसतात.

मुलाचं: छापील कॉमिकला आपल्याकडे सिनेमासारखं प्रमाणपत्र नसतं, म्हणून ठरवायचं तुम्हालाच. दोन शिव्यांपायी अडवू नका, बारा वर्षांच्या मुलाने त्या शाळेच्या बसमध्ये ऐकलेल्या आहेत. रक्ताळलेलं पान मात्र त्याला एकट्याने बघू देऊ नका. शेजारी बसून वाचा, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे आधी सांगा. घरात कोणी त्या काळातलं असेल तर त्यांनाही बसवा.

दहा प्रती घेऊन वाटायचं मात्र मनातून काढा. दंड भरल्यासारखे घेतलेले अंक वाचणाऱ्याकडे जातातच असं नाही. टीव्हीच्या कपाटात पडतात. आणि खेप तीनशेची असेल तर दहा प्रती निष्कारण अडकतात. तीन घ्या. एक मुलासाठी, एक त्या मैत्रिणीला जिने पुढचा भाग मागितला, आणि एक वाचनालयाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, किंवा तुमच्या भागातलं एखादं. ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटून द्या आणि पिनेचा अंक पातळ असल्याने पुठ्ठ्याची बांधणी करून द्या, नाहीतर तो मासिकांच्या गठ्ठ्यात जातो आणि वर्षअखेरीस रद्दीत.

आणखी कॉमिक्स शोधायची तर दुकानापेक्षा टेबलं बघा. बॉम्बे झीन फेस्ट आणि इंडी कॉमिक्स फेस्ट इथे चित्रकार स्वतःचे अंक स्वतः विकतात. दोन्हींच्या तारखा त्यांच्या इन्स्टाग्रामवरच कळतात, पेपरात क्वचित येतात. कॉमिक कॉनचं तिकीट महाग वाटेल. गेलात तर खेळण्यांच्या आणि टी-शर्टांच्या दालनांत पैसे संपवू नका, आधी चित्रकारांच्या टेबलांची रांग गाठा. जे.जे.च्या उपयोजित कला संस्थेचं वार्षिक प्रदर्शन आणि तुमच्या घराजवळ, पवईला, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागातली विद्यार्थ्यांची प्रदर्शनं जरूर बघा. पुष्कळ कॉमिक्सची सुरुवात तिथल्या पदवीच्या प्रकल्पातून होते. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुने अंक मिळतात, नव्या स्वतंत्र कॉमिकसाठी तिथे हेलपाटा नको. मराठीत संख्या अजून थोडी आहे. टेबलावर इंग्रजी अंक जास्त दिसतील, पण "मराठीत काही आहे का?" हे प्रत्येक टेबलावर विचारा. तसं विचारणारे वाढले की पुढच्या वेळी कोणीतरी मराठी आवृत्ती छापून आणतो.

टेबलाशी उभं राहून अंक चाळायला संकोच करू नका, चाळण्यासाठी एक प्रत ठेवलेलीच असते. मधली पानं उघडा. कडेला मजकूर कापला गेलाय का, काळा रंग करडा पडलाय का, पिना नेमक्या घडीवर बसल्यात का, ते बघा. पटलं नाही तर "छान आहे, आत्ता घेत नाही" म्हणून पुढे जा.

घरी आणलेला अंक पावसाळ्यात जपावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत पिना गंजतात आणि तपकिरी डाग मधल्या चार पानांवर उतरतो. पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, कपाटात उभा ठेवायचा, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती दर पावसाळ्याच्या तोंडाला बदलायची. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको, तिचा गोंद दोन-तीन वर्षांत पिवळा पडून कागद खातो. फोटो काढताना तुम्ही अंक सपाट दाबला असेल, त्याने मधलं पान पिनेपाशी सुटायला लागतं. तसं झालं असेल तर पिन उपसू नका. नवी प्रत येणारच आहे, ती जपून ठेवा आणि ही सुटलेली मुलाच्या हातात द्या.